नऊ नंबरची कड

स्वप्नालीने नवव्या पॅनेलच्या तारेला मीटरचा चिमटा लावला आणि तो घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. तारेचं टोक उन्हाने ढिलं पडलं होतं. तिने कमरेच्या पिशवीतून सोल्डरच्या तारेचं रीळ काढलं, बोटभर तुकडा तोडला आणि ढिल्या टोकावर आवळला. दोन पिळे, शेवटी एक मोड. ही तार मऊ असते, पक्कड लागत नाही, बोटांचं ऐकते. या घरात जे जे सुटलं, निखळलं, ते तिने असंच बांधून टाकलं होतं. मिक्सरची वायर, गच्चीच्या दाराची कडी, सासूबाईंच्या चष्म्याची काडी. वच्छलाबाई केजच्या बाजारात तो चष्मा मुद्दाम काढून बायकांना दाखवायच्या. "दुकानदार नवी फ्रेम घ्या म्हनला. माज्या सुनंनं बसल्या जागी जोडला."

चिमटा बसला. मीटरवरचे आकडे थोडे थरथरले आणि थांबले. तिने वहीत लिहिलं, दिवस दोनशे चार. पहिल्या दिवशी हे पॅनेल अंगावर पडलेल्या उन्हातल्या शेकडा सतरा पूर्णांक आठ भागाची वीज करत होतं. आज सतरा पूर्णांक दोन. तिने आकडा लिहून त्याखाली हलकी रेघ ओढली आणि मग आपल्यालाच हसू आलं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

गच्चीवर शाळेतल्या पाटीएवढी बारा पॅनेलं तिरक्या लोखंडी चौकटीवर बसवलेली होती. दोन काचांच्या मध्ये काळा थर, केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नसेल इतका पातळ. या पदार्थाचं नाव पेरोव्स्काइट. नेहमीच्या सोलरसारखी त्याला मोठी भट्टी लागत नाही, काचेवर रंगासारखा चढवता येतो, स्वस्तात होतो आणि वीजही भरपूर देतो. फक्त टिकत नाही. दमट हवेचा एक श्वास आत गेला की काळ्याचा पिवळा होतो आणि संपतो. बारांतली सात पॅनेलं परतीच्या पावसातच कोपऱ्यांपासून हळदीसारखी पिवळी पडत गेली होती. तीन अर्धवट होती. नऊ आणि दहा मात्र डांबरासारखी काळी, कारण त्यांच्या चारी बाजूंची कड स्वप्नालीने वेगळ्या रीतीने बंद केली होती. बाहेर रबराची पट्टी, तिच्या आत आणखी एक थर. हा थर दमट हवा आत येऊ देत नव्हता आणि काच फुटली तरी आतलं शिसं बाहेर जाऊ देणार नव्हता. पेरोव्स्काइटमध्ये शिसं असतं. थोडंच. बारा पॅनेलांचं मिळून चिमूटभरही भरणार नाही. पण असतं.

आर्वीच्या वेळी दिवस गेले तेव्हा ती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतलं काम सोडायला निघाली होती. तिथल्या प्रमुख काझी मॅडमनी तिचा अर्ज वाचला आणि घडी करून परत दिला. "घरी जा, पण गच्ची कामाला लाव. एप्रिलमध्ये तुमच्या केजला त्रेचाळीस डिग्री असतं. त्यापुढे माझी इथली चाचणीची भट्टी म्हणजे लेकरांचा खेळ." म्हणून ही बारा पॅनेलं इथे आली होती. प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी होती. नमुना क्रमांक, तारीख, बनवणार. नवव्याच्या चिठ्ठीवर 'बनवणार' पुढे तिने स्वतःचं नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

मोबाइल वाजला. बीडच्या तपासणी केंद्रातून आर्वीचा रिपोर्ट आला होता.

दोन महिने पोरगी किरकिरत होती. पोटाशी पाय घ्यायची, घास फिरवायची, लोहाचे थेंब देऊनही रक्त वाढत नव्हतं. डॉक्टर मुळे पुन्हा रक्त तपासू म्हणाले तेव्हा स्वप्नालीच म्हणाली होती, त्यातच एकदा शिसंही बघू. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं होतं. तिने हसून सांगितलं होतं, घरात असलं काम आहे, मनाला बरं वाटावं म्हणून.

तिने रिपोर्ट उघडला. शिसं, एकवीस पूर्णांक चार. खाली बारीक अक्षरात, पाचपेक्षा कमी असावं.

तिला पहिल्यांदा वाटलं की टिंब चुकलं. दोन पूर्णांक चौदा असेल. तिने स्क्रीन मोठी केली, टिंब होतं तिथेच होतं. तिने केंद्रात फोन लावला. तिकडचा माणूस कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आकडा जास्त आला म्हणून दोनदा लावलंय. दोन्ही वेळा तेवढंच."

ती फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. पलीकडून फोन कधीच ठेवला गेला होता. समोर नऊ नंबर ऊन पीत होतं आणि मीटरवर सतरा पूर्णांक दोन हा आकडा जागचा हलत नव्हता.

खाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वच्छलाबाई आर्वीला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होत्या. आर्वीने घास थुंकला होता आणि उजवी मूठ मनगटापर्यंत तोंडात कोंबली होती. लाळेने हनुवटी, झबलं, मनगटावरचे काळे मणी, सगळं चिंब झालं होतं. पुढचे चार दात आले होते आणि अजून शिवशिवत होते.

"आत्या, आरूला गच्चीवर नेलं होतं तुम्ही?"

"नेलतं की. कुरडया घालायच्या व्हत्या. खाली कुनाजवळ ठिवू?"

"कितींदा?"

"आता ते काय मोजलंय व्हय? चार-पाच येळा."

"पॅनेलला हात लावला तिनं?"

"लावला असंल. रांगतं लेकरू, चकाकतंय म्हनल्यावर जानारच की तिकडं. कावून? झालं काय?"

स्वप्नालीने आर्वीला त्यांच्या मांडीवरून उचललं, मोरीत नेलं आणि साबणाने तिचे हात घासायला लागली. आर्वी रडायला लागली तरी घासत राहिली. शिशाचे क्षार गोडसर लागतात, हे तिने एमएस्सीच्या पुस्तकात वाचलं होतं आणि त्याखाली पेन्सिलने रेघही मारली होती. म्हणूनच मुलं ते चाटतात. परीक्षेत हा प्रश्न आला होता.

"अगं सोलतीस का लेकराला!" वच्छलाबाई मोरीच्या दारात आल्या.

"रक्तात शिसं आहे तिच्या, आत्या. विष आहे ते. मेंदूवर जातं. मी सांगितलं होतं ना, तिकडं नेऊ नका म्हणून!"

"कवा सांगितलंस? तूच म्हनलीस, काचंतनं कायबी बाहीर येत न्हाई. मी इचारलं व्हतं तुला. म्हनलं, कुरडया हितं वाळू घालू का? तर म्हनलीस, खुशाल घाला."

ते खरं होतं. स्वप्नालीने नळ बंद केला, आर्वीला टॉवेलात गुंडाळलं आणि सासूच्या कडेवर न देता स्वतःच घेऊन गच्चीवर गेली. चौकटीच्या पलीकडे जुन्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया कडकडीत वाळल्या होत्या. तिने एक बाजूला काढली आणि बाकीच्या लुगड्यासकट गोळा करून मागच्या उकिरड्यावर टाकल्या. वच्छलाबाई जिन्याच्या तळाशी उभ्या राहून पाहत होत्या. तीन दिवस गहू भिजवून त्यांनी चीक काढला होता.

तिचा नवरा जीवन कड्याच्या साखर कारखान्यात कामाला होता, आठवड्याने घरी यायचा. फोनवर तो ओरडला, "फोडून टाक त्या काचा! आत्ताच्या आत्ता!"

"फोडायच्या नसतात," ती म्हणाली. "फोडल्या तरच शिसं बाहेर..." आणि तिने फोन ठेवला.

काझी मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी आकडा पुन्हा विचारला, आर्वीचं वय विचारलं, वजन विचारलं.

"आधी लेकरू, मग बाकी सगळं. पॅनेलं आजच उतरव आणि कुलपात ठेव. पण धुऊ नको. प्रत्येक कडेवरून ओला कापूस फिरवून नमुना घे. आणि ऐक, फक्त पॅनेलांचा नाही. घरातलं सगळं पाठव. हळद, पाणी, भांडी, काजळ, गच्चीवरची धूळ."

"मॅडम, पॅनेलंच आहेत. दुसरं काय असणार?"

"ज्याचा संशय आहे तेवढंच तपासलंस तर तुझा संशय तेवढा सिद्ध होईल. लेकराचं काय?"

ती बारा पॅनेलं खोलायला बसली. नट फिरवताना नऊ नंबरच्या वेळी पाना दोनदा निसटून काचेवर आपटला. काच फुटली नाही. तिने ती उन्हाकडे धरून चारी कडा पाहिल्या. कुठे पिवळा डाग नाही, कुठे पट्टी उचललेली नाही. दोनशे चार दिवस. तिने पॅनेल पालथं केलं आणि पाठीवरच्या चिठ्ठीतलं आपलं नाव दिसू नये म्हणून त्यावर दुसरं पॅनेल ठेवलं.

दुपारी ती स्वयंपाकघरात छोट्या पाकिटांचा ढीग घेऊन बसली. प्रत्येक पाकिटावर छापील रकाने होते, नमुना, तारीख, कोणाकडून. ती भरत गेली. हळद, वच्छलाबाई. तिखट, वच्छलाबाई. कुरडई, वच्छलाबाई. तांब्याच्या घागरीची खरवड, वच्छलाबाई. काजळाची डबी, वच्छलाबाई. वाळ्याच्या घुंगराची खरवड, वच्छलाबाई. सासू चौथीपर्यंत शिकलेली होती. चष्मा लावून एकेक पाकीट डोळ्यांजवळ धरत तिने सगळी वाचली.

"माजं नाव लई झालं की गं."

"तसा नियम असतो, आत्या. वस्तू ज्याच्याकडची असेल त्याचं नाव टाकतात."

"टाक टाक. मी काय न्हाई म्हनलं?" त्यांनी पाकिटं होती तशी एकावर एक रचून ठेवली. "हळद आपल्याच रानातली हाय, तेवढं बी लिव्ह म्हनलं."

स्वप्नालीने पाकिटं मोजून पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुळ्यांनी आर्वीला टेबलावर निजवून पोट दाबून पाहिलं. या आकड्याला रक्तातून शिसं काढायचं औषध देत नाहीत, ते म्हणाले. लोह, कॅल्शियम, दूध द्यायचं आणि ते येतंय तिथून तोडायचं. येणं थांबलं तर आकडा आपोआप उतरतो.

"सुरमा घालता का? गंडा, ताईत काही?"

"नाही. आजीने आणलेली मनगटी आहे फक्त. काचेचे मणी, सुती दोरा."

डॉक्टरांनी आर्वीचं मनगट उचललं, एक मणी नखाने खरवडून पाहिला. रंग निघाला नाही. दोरा काळा आणि ओला होता. त्यांनी हात सोडला, आर्वीने तो लगेच तोंडात घातला.

"थोडे दिवस घर बदला," ते म्हणाले.

त्याच दिवशी ती आर्वीला घेऊन नेकनूरला माहेरी गेली. निघताना वच्छलाबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि पिशवीत दुपट्यांची घडी, लाकडी खुळखुळा आणि खारकांची पूड ठेवली. शेअर जीप चौकातून वळली तेव्हा स्वप्नालीने मागे पाहिलं. सासू अजून दारात होती. तिच्या चष्म्याच्या काडीवर ऊन चमकलं.

माहेरी तिने डोळ्यांत तेल घालून दिवस काढले. खुळखुळा आणि खारकांची पूड तिने पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवून दिली, कारण त्या घरातून आलेलं काहीच नको होतं. जमीन दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसली. आर्वीची भांडी स्टीलची आणि वेगळी. आईने विचारलं, "अगं, एवढं काय?" तर ती नुसती आकडा सांगायची. आर्वी अंगणात रांगायची, दगड उचलायची, स्वप्नाली दगड काढून घ्यायची. मग आर्वी दुसरं काही नाही म्हणून आपली मूठ तोंडात घालायची आणि शांत बसायची. निदान स्वतःचा हात तर आहे, असं म्हणून स्वप्नाली तिला तेवढं करू द्यायची.

चार आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट आला तेव्हा ती अंगणात दुपटी वाळत घालत होती. पंधराच्या आत आला असेल असा तिचा हिशोब होता. तिने तो वहीत मांडूनही पाहिला होता, उतरती रेघ काढून.

सव्वीस पूर्णांक आठ.

दुपटं हातातून मातीत पडलं. आईने विचारलं, काय गं? ती चुलीजवळच्या पाटावर जाऊन बसली. जणू कुणी कानाशी थाळी वाजवली होती आणि आता बाकीचं काही ऐकू येत नव्हतं. आर्वी रांगत आली, तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. पहिल्यांदाच उभी राहिली होती. आई टाळ्या वाजवायला लागली. स्वप्नालीला टाळ्यांचे हात दिसत होते.

दुपारी काझी मॅडमचा फोन आला. त्यांना दुसरा रिपोर्ट माहीत नव्हता.

"नमुन्यांचे निकाल आले. घरातल्या एकाही वस्तूत शिसं नाही. हळद तर मी माझ्याकडच्या हळदीशी ताडून पाहिली, तुझ्या सासूबाईंची चांगली निघाली. गच्चीची धूळ साफ. आणि स्वप्नाली, नऊ आणि दहाच्या कडांवर कणभरही शिसं नाही. मरून गेलेल्या पॅनेलांच्या कडांवर पुसट खुणा आहेत, बोट लावून आजारी पडावं इतक्या नाहीत. तुझ्या कडेने दोनशे दिवस काही आत येऊ दिलं नाही आणि काही बाहेर जाऊ दिलं नाही. असं मी अजून कुणाचं पाहिलेलं नाही. ऐकतेस ना?"

"मॅडम, तिचा आकडा वाढलाय. सव्वीस. इथं माहेरी, मॅडम. इथं पॅनेलं नाहीत, ती गच्ची नाही, काहीच नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग जे केजहून तिच्याबरोबर नेकनूरला गेलं, ते बघ," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"मीच आले, मॅडम. तिच्याबरोबर मीच आले."

दुसऱ्या दिवशी केजला परतताना ती बीडला उतरली आणि स्वतःचं रक्त देऊन आली. त्या दिवशी तिने आर्वीला अंगावर घेतलं नाही. आर्वीने पदर ओढून ओढून आकांत केला. सायंकाळी घरी पोचल्यावर वच्छलाबाईंनी आर्वीला कडेवर घेतलं, वाटीने दूध पाजलं, अंगणात फिरवून निजवलं. सकाळी स्वप्नालीचा आकडा आला. एक पूर्णांक सहा. दूध निर्दोष होतं. तिने आर्वीला छातीशी घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. दूध नाही, हळद नाही, काच नाही. मग काय?

तिच्याने बसवेना. हाताला काही तरी काम हवं म्हणून ती कुलपातलं नऊ नंबर घेऊन गच्चीवर गेली. सकाळचं ऊन चौकटीवर नुकतंच आलं होतं. तिने पॅनेल बसवलं, नट आवळले. तारा जोडायला कमरेच्या पिशवीतून रीळ काढलं.

जिन्यात पावलं वाजली. वच्छलाबाई आर्वीला घेऊन वर आल्या, पण गच्चीवर पाय न ठेवता शेवटच्या पायरीवरच बसल्या, जिन्याच्या छपराच्या सावलीत.

"हितंच बसते मी. गच्चीवर नेऊ नको म्हनलीस तू."

"या वर, आत्या. तिथं काही नव्हतं." स्वप्नाली थांबली. "हळदीतसुद्धा काही नव्हतं. कुरडईत पण नाही."

"मला ठाव व्हतं की." त्यांनी एवढंच म्हटलं आणि आर्वीला मांडीत नीट बसवलं. ओच्यातून काळ्या दोऱ्याचं गुंडाळं काढलं. "हिच्या मनगटीचा दोरा पार कुजलाय बग. चावून चावून चिंध्या केल्यात. माहेरी कुनी बगितलं न्हाई का? थांब गं बाय, आजी नवा गुंडाळती. न्हाईतर टोचंल पुन्ना."

स्वप्नालीच्या हातातली तार थांबली.

"काय टोचेल?"

"त्ये टोक. संक्रांतीनंतर मनगटी तुटली व्हती का न्हाई, बोरन्हाणाला मी घातलेली? नारायणगडाच्या जत्रंतली? तू जोडून दिलीस ती. टोक टोचत व्हतं लेकराला, म्हनून मी वरून दोरा गुंडाळला. तवापासून तीनदा गुंडाळला, ही चवथी येळ."

बोलता बोलता त्या जुना दोरा उलगडत होत्या. तो ओला होता, वेढ्यामागून वेढा सुटत गेला. त्याच्या आतून राखाडी, मंद चकाकणारं काही तरी वर आलं.

स्वप्नाली उठून जवळ आली. गुडघे टेकून तिने आर्वीचं मनगट हातात घेतलं.

दोन पिळे, शेवटी एक मोड. मोड घासून अर्धी झाली होती. तिच्यावर बारीक बारीक खड्डे होते, वर दोन, खाली दोन.

जानेवारीतला तो दिवस तिला आठवला तो मण्याच्या आवाजासह. ती इथेच मीटर लावून बसली होती. आर्वी शेजारी सतरंजीवर होती, दोरा तुटला आणि एक मणी टणटण करत जिन्याकडे गेला. पोरगी मणी गिळेल म्हणून तिचं काळीज उडालं होतं. एका हाताने आर्वीची मूठ उघडत, दुसऱ्या हाताने तिने मणी गोळा केले आणि हाताशी जे होतं त्याने जागच्या जागी बांधून टाकले. संध्याकाळी नवा दोरा घालू, असं म्हणाली होती. मग मीटरकडे वळली होती. वहीत त्या दिवसाची नोंद होती. दिवस एकशे चौतीस. ऊन, हवेतला दमटपणा, वीज, सगळं. मनगटीची नव्हती. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर वर सुबक काळा दोरा होता आणि तिला वाटलं, सासूने दोरा बदलला.

सोल्डरच्या तारेत शंभरातले चाळीस भाग शिसं असतं. रिळावर तसं छापलेलं होतं. ते रीळ आता तिच्या गुडघ्याशी पडलं होतं.

"अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीस की."

स्वप्नालीने पिशवीतून कात्री काढली. मण्यांच्या शेजारी दोरा कापून तिने मनगटी अलगद उतरवली, चिमट्यात धरून पाकिटात टाकली आणि तोंड बंद केलं. आर्वीचा हात तिने आपल्या ओढणीने पुसला, मग ओढणीकडे पाहिलं आणि ती काढून दूर भिरकावली. पाण्याच्या बाटलीने पुन्हा धुतला.

"त्यात काय हाय?" वच्छलाबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"शिसं."

"त्या काचंतलं?"

"नाही. माझ्या पिशवीतलं."

तिने पेन काढलं. नमुना, मनगटीची तार. तारीख, दिवस एकशे चौतीस. मग ती 'कोणाकडून' या रकान्यापाशी आली आणि पेन तिथे थोडा वेळ टेकून राहिलं.

"माजंच टाक," वच्छलाबाई म्हणाल्या. "मनगटी मीच आनली व्हती."

स्वप्नालीने लिहिलं. वच्छलाबाईंनी पाकीट तिच्या हातून घेतलं, चष्म्यासमोर धरलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "स्व. प्ना. ली." पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी चष्मा काढला, त्याच्या जोडलेल्या काडीकडे पाहिलं, आर्वीचा हात पोचणार नाही अशा बेताने तो कठड्यावर लांब ठेवला.

खालच्या रस्त्यावरून एसटी गेली.

"दोरा मी गुंडाळला व्हता," वच्छलाबाई म्हणाल्या. "तीनदा. ते बी लिव्ह."

स्वप्नालीने पेनाला टोपण लावलं नाही. लिहिलंही नाही.

आर्वीने मोकळं मनगट वर उचललं. मणी होते तिथे गोरी, सुरकुतलेली कातडी वेढ्यासारखी दिसत होती. तिने सवयीने ते तोंडात घातलं, चोखलं, बाहेर काढून पाहिलं. उलटंपालटं केलं. पुन्हा चोखलं. मग आईकडे पाहिलं, आणि कुणी हातातला खाऊ काढून घ्यावा तसे तिचे ओठ हळूहळू वाकडे होत गेले.